स्वतःच्या पेशींपासून ब्लॅडर कसं वाढवतात: बायोप्सीपासून ऑपरेशनपर्यंत, आणि गाडी नेमकी कुठे अडते

हे लिहितोय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक म्हणजे बायोटेक, मायक्रोबायोलॉजीची पोरं, ज्यांना टिश्यू इंजिनिअरिंगवर सेमिनार द्यायचाय आणि पुस्तक वाचून काही पत्ता लागत नाहीये. दुसरे म्हणजे ज्यांच्या घरात किडनीचा नाहीतर लिव्हरचा पेशंट आहे आणि कुणीतरी त्यांना सांगितलंय की आता पेशंटच्याच पेशींपासून नवा अवयव करून मिळतो. पायऱ्या दोघांनाही त्याच. मी सेल कल्चरवाला, सर्जन नाही, त्यामुळे फ्लास्कच्या भानगडी जरा जास्त येतील आणि टाक्यांच्या कमी.

आधी अवयव निवडा, आणि हाव करू नका

लॅबमध्ये अवयव वाढवायचा म्हटलं की प्रत्येकाच्या डोक्यात थेट किडनी नाहीतर हार्ट येतं. ते सध्या सोडा. अवयवांची एक उतरंड आहे. सगळ्यात सोपे चपटे, म्हणजे कातडी, डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक थर. मग नळीसारखे, म्हणजे लघवीची नळी, रक्तवाहिनी. मग पिशवीसारखे, म्हणजे ब्लॅडर, लघवीची पिशवी. आणि सगळ्यात वर भरीव अवयव, किडनी, लिव्हर, हार्ट.

ही उतरंड कशावरून ठरते तर रक्तावरून. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी जवळच्या केशवाहिनीपासून (सगळ्यात बारीक रक्तवाहिनीपासून) साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या आत असावी लागते, त्याच्या पलीकडे ऑक्सिजन पोचत नाही आणि पेशी मरते. २०० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. कातडीचा वरचा थर पातळ, जखमेवर टाकला की खालून त्याचं भागतं. म्हणूनच सगळ्यात आधी तीच जमली. १९७५ मध्ये अमेरिकेत जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या कातडीच्या पेशी डिशमध्ये वाढवायची पद्धत काढली, आणि १९८३ मध्ये बॉस्टनला ९५ टक्क्यांच्या वर भाजलेल्या दोन लहान भावांना त्यांच्याच कातडीपासून वाढवलेली कातडी लावली, दोघंही वाचले. पुढे २०१५ मध्ये जर्मनीत बोखुमला सात वर्षांच्या एका मुलाची जवळजवळ ८० टक्के कातडी अशी बदलली, त्याला जन्मजात आजार होता ज्यात कातडी नुसती हात लावला तरी सोलवटते, तर इटलीतल्या मिकेले दे लुका यांच्या टीमने त्याच्या पेशींमधला बिघडलेला जीन दुरुस्त करून मग चादरी वाढवल्या. बायोप्सी किती घेतली होती माहितीये? चार चौरस सेंटीमीटर.

तर पुढचं सगळं वाचताना एकच प्रश्न हाताशी ठेवा, याला रक्त कुठून येणार. आपण ब्लॅडर घेऊ, कारण ते मधल्या पायरीवर आहे, माणसांत बसवलेलं आहे, आणि ते कुठे फसलं तेही छापून आलंय.

गरज कोणाला

नुसतं करता येतं म्हणून अवयव करायचा नसतो. स्पायना बायफिडा म्हणून आजार आहे, गर्भात मणक्याची नळी नीट बंद होत नाही. त्यात ब्लॅडरच्या नसा कामातून जातात, ब्लॅडर आकसून कडक होतं, थोडी लघवी साठली तरी आतलं प्रेशर वाढतं आणि ते उलटं वर किडनीला लागतं. औषधं आणि कॅथेटर पुरले नाहीत तर वर्षानुवर्षं चालत आलेला उपाय म्हणजे पेशंटच्या आतड्याचा तुकडा काढून ब्लॅडरला ठिगळ लावायचं. जागा वाढते, प्रेशर उतरतं, किडन्या वाचतात. पण आतड्याचा धर्म शोषून घ्यायचा, ते लघवीतलं नको ते परत रक्तात घेतं, रक्तात आम्ल वाढतं. शिवाय आतडं चिकट स्राव सोडतच राहतं, त्यात खडे होतात, इन्फेक्शन होतं आणि पुढे कॅन्सरची काळजी असतेच.

यातून अँथनी अटाला या सर्जनने (तेव्हा बॉस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलला, नंतर नॉर्थ कॅरोलिनात वेक फॉरेस्टला) विचार केला की ठिगळ ब्लॅडरचंच लावलं तर. आधी कुत्र्यांमध्ये करून बघितलं, ते १९९९ मध्ये छापलं, आणि त्याच सुमारास मुलांमध्ये सुरुवात केली. चार ते एकोणीस वयाचे सात पेशंट, २००६ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये निकाल. खालच्या पायऱ्या मुख्यतः त्या कामावरून.

बायोप्सी

ब्लॅडरच्या वरच्या भागातून एक-दोन चौरस सेंटीमीटरचा तुकडा घ्यायचा. इथे स्टेम सेल (मूळ पेशी) वगैरे काही लागत नाही हे बऱ्याच जणांना पटतच नाही. साध्या, त्याच अवयवातल्या पेशी, ज्यांच्यात अजून विभागायची ताकद शिल्लक आहे, तेवढ्या पुरतात. तुकडा थंड मीडियामध्ये, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, टाकून लगेच लॅबला, सुकू द्यायचा नाही.

मूळ अवयवात कॅन्सर असेल तर हा मार्ग बंद, कारण बिघडलेली एक पेशी जरी आली तरी तिला तुम्ही लाडाने वाढवणार. आणि कॅन्सर नसला तरी आजारी ब्लॅडरच्या स्नायूपेशी फ्लास्कमध्येसुद्धा निरोगी पेशींसारख्या वागत नाहीत असं नंतरच्या कामात दिसलंय. "स्वतःच्या पेशी" म्हटलं की लोकांना वाटतं सोनंच. शरीर त्या नाकारत नाही हे खरं, आयुष्यभर इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या लागत नाहीत हेही खरं, पण आजार त्या पेशींमध्येच बसलेला असेल तर तोही सोबत येतो.

पेशी वेगळ्या करा आणि वाढवा

ब्लॅडरच्या भिंतीत ढोबळमानाने दोन थर. आतून अस्तर, युरोथेलियम, जे लघवी झिरपू देत नाही. बाहेरून स्नायू. हे दोन थर बारीक चिमटा-कात्रीने सोडवायचे आणि दोघांची वेगळी चूल मांडायची. अस्तराच्या पेशींना सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) नसलेला मीडिया, त्यात वाढीला चालना देणारे ग्रोथ फॅक्टर. स्नायूच्या पेशींना डीएमईएम नावाचा तयार मीडिया आणि १० टक्के सीरम. मीडिया अदलाबदल झाला तर नको त्या पेशी माजतात, विशेषतः फायब्रोब्लास्ट, म्हणजे अवयवांना बांधून ठेवणाऱ्या जोड-ऊतीच्या पेशी. ते कुठेही उगवतात, गाजरगवतासारखे, आणि बाकीच्यांना जागा ठेवत नाहीत.

इन्क्युबेटर ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. स्नायूच्या तुकड्याचे अगदी बारीक कण करून डिशच्या तळाला चिकटू द्यायचे, हलवायचे नाहीत, उगाच रोज बाहेर काढून बघायचं नाही (नवीन पोरं हमखास बघतात). काही दिवसांनी कणाच्या कडेने लांबट पेशी सरपटत बाहेर यायला लागतात. मीडिया गुलाबीसर लाल असतो, त्यात फिनॉल रेड घातलेलं असतं, पेशी खाऊन-पिऊन आम्ल सोडायला लागल्या की तो केशरी आणि मग पिवळा होतो. पिवळा दिसला की एकतर पेशी भरपूर झाल्यात नाहीतर बॅक्टेरिया शिरलेत, मायक्रोस्कोपखाली धरलं की लगेच कळतं कुठलं ते. आणि जांभळट झाला तर बहुतेक कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर संपलंय, आधी ते बघा.

तळ सत्तर-ऐंशी टक्के भरला की पॅसेज, म्हणजे पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये वाटायच्या. जुना मीडिया काढा, बफरने धुवा, कारण उरलेलं सीरम ट्रिप्सिनला निकामी करतं, मग ट्रिप्सिन (पेशी तळापासून सोडवणारं एन्झाइम) घाला, तीन ते पाच मिनिटं. मायक्रोस्कोपखाली पेशी गोल होऊन सुटताना दिसतात, फ्लास्कला बाजूने हलकी टिचकी मारली की सगळ्या तरंगायला लागतात. लगेच सीरमवाला मीडिया घालून ट्रिप्सिन थांबवायचं, जास्त वेळ ठेवलं तर पेशींची सालटी निघतात. मग सेंट्रिफ्यूज, मोजणी आणि नव्या फ्लास्कमध्ये वाटणी.

हिशोब सोपा आहे. एक लाख पेशींनी सुरुवात केली आणि दहा वेळा दुप्पट झाल्या की दहा कोटी. म्हणून पेशींचा आकडा मोठा दिसला की भारावून जाऊ नका, आकडा वाढवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. अवघड काय, तर प्रत्येक पॅसेजला पेशी आपलं मूळ काम थोडं थोडं विसरत जातात. स्नायूपेशी आकुंचन पावणं सोडून नुसत्या वाढतच बसतात. म्हणून मधे मधे मार्कर, म्हणजे पेशीची ओळख सांगणारी प्रथिनं, तपासायचे, स्नायूला अल्फा स्मूथ मसल ॲक्टिन आणि डेस्मिन, अस्तराला सायटोकेराटिन आणि युरोप्लाकिन. मार्कर पुसट व्हायला लागले तर थांबा, आणखी वाढवून उपयोग नाही.

मायकोप्लाझ्मा, फ्लास्कमध्ये चोरून शिरणारा अगदी बारीक बॅक्टेरिया. याच्यावर वेगळा लेख होईल. मीडिया गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाही, त्याला सेल वॉलच नाही त्यामुळे पेनिसिलिनला भीक घालत नाही, आणि पेशी मात्र सुस्तावतात, विचित्र वागतात. उंदरांच्या प्रयोगात एक वेळ फ्लास्क फेकून देता येतो, इथे तो फ्लास्क एका मुलाचा आहे. म्हणून ठरावीक दिवसांनी पीसीआर करायचाच, कुणी कितीही "आमच्याकडे कधी येत नाही" म्हणो.

आणि पेशंटच्या पेशींचा एक साधा नियम, तो कितीही घाई असली तरी मोडायचा नाही: हूडमध्ये (गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक कपाटात) एका वेळी एकाच पेशंटचं सामान. एकाचं आवरून, पुसून, कचरा बाहेर गेल्याशिवाय दुसऱ्याचा फ्लास्क आत येत नाही. लेबल झाकणावर नाही, बाटलीच्या अंगावर, कारण झाकणं बदलतात. अशा लॅबमध्ये कॉलेजसारखं मार्कर पेनाने "एम २" लिहून भागत नाही, प्रत्येक बाटलीमागे दोघांच्या सह्या असतात.

सांगाडा

पेशी नुसत्या सोडल्या तर त्या डिशच्या तळाला पसरतात, पिशवी होत नाहीत. आकार सांगाड्याने द्यायचा. अटालांच्या टीमने सुरुवातीला पेशी धुऊन काढलेल्या ब्लॅडरचं कोलॅजन (शरीराला आधार देणारं धाग्यासारखं प्रथिन) वापरलं, नंतर कोलॅजन आणि पीजीए म्हणजे पॉलिग्लायकोलिक ॲसिडचं मिश्रण. पीजीए ओळखीचंच आहे, विरघळणारे टाके त्याचेच असतात. शरीरात ते काही महिन्यांत विरघळून जातं, तोपर्यंत पेशींनी स्वतःचं कोलॅजन विणून भिंत उभी करावी अशी अपेक्षा. लवकर विरघळलं तर पिशवी बसते, फार उशीर लागला तर शरीर त्याच्याभोवती व्रणासारखं घट्ट कवच करतं. हे टायमिंग साधणं म्हणजे निम्मी लढाई.

छिद्रं हवीत, एकमेकांना जोडलेली, नाहीतर पेशी वरच्या वर राहतात आणि आत रिकामं.

पेशी पेरा

आधी बाहेरून स्नायूच्या पेशी, सांगाडा मीडियामध्ये ठेवून त्यांना रुजू द्यायचं, दोनेक दिवसांनी आतून अस्तराच्या पेशी. उलटं केलं तर हाताळताना अस्तर खरवडतं. मग सगळंच्या सगळं इन्क्युबेटरमध्ये, मीडिया नियमित बदलत. बायोप्सीपासून ऑपरेशनपर्यंत साधारण सात आठवडे. म्हणजे इमर्जन्सी पेशंटसाठी हा उपाय नाही, ज्याला थांबता येतं त्याच्यासाठी आहे.

पिशवी लॅबमधून बाहेर पडायच्या आधी निर्जंतुकपणा, एन्डोटॉक्सिन (बॅक्टेरियाचं विष), जिवंत पेशींचं प्रमाण, मायकोप्लाझ्मा, सगळे रिपोर्ट हातात. यातले काही रिपोर्ट यायला दिवस लागतात आणि इकडे पेशी थांबत नाहीत, तेव्हा ऑपरेशनची तारीख आणि लॅबचं कॅलेंडर पहिल्या दिवसापासून एकत्र बसून लावायचं असतं. सर्जन आणि लॅबवाले यांची भांडणं होतात ती यावरूनच.

बसवा, आणि रक्ताची सोय करा

आता आला आपला प्रश्न. लॅबमधून आलेल्या त्या पिशवीत एकही चालू रक्तवाहिनी नाही. ती पेशंटच्या ब्लॅडरला शिवली की पहिले काही दिवस ती नुसती आजूबाजूच्या ओलाव्यावर जगते. यावर केलेली युक्ती म्हणजे ओमेंटम. पोटात आतड्यांवर चरबीचा एक पातळ पडदा पसरलेला असतो, त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं भरपूर. तो सोडवून नव्या भिंतीभोवती गुंडाळायचा, मग त्यातून बारीक वाहिन्या आत शिरतात.

निकाल बघा. मिश्र सांगाडा आणि वरून ओमेंटम, अशा पेशंटमध्ये फरक सगळ्यात जास्त होता: लघवी गळायला लागते तेव्हाचं प्रेशर ५६ टक्क्यांनी उतरलं, ब्लॅडरमधली जागा १.५८ पट झाली आणि लवचिकपणा २.७९ पट. खडे झाले नाहीत, रक्तात आम्ल वाढलं नाही, किडन्या टिकल्या. ज्यांना ओमेंटम गुंडाळलं नव्हतं त्यांच्यात एवढा फायदा दिसला नाही. पेशींची लागवड सगळ्यांची तशीच, फरक पडला तो रक्ताने आणि सांगाड्याने.

नसा मात्र आल्या नाहीत. मुलांना दिवसातून अनेकदा कॅथेटर घालून ब्लॅडर रिकामं करावं लागतच राहिलं. बातम्यांमध्ये "लॅबमध्ये बनवलेलं पहिलं ब्लॅडर" असे मथळे आले तेव्हा हे वाक्य शेवटच्या परिच्छेदात होतं, किंवा नव्हतंच.

शरीर हाच चांगला इन्क्युबेटर, हे आपल्या शेजारी हैदराबादला फार सुंदर दिसलं. तंबाखूच्या चुन्याची पुडी पोरांनी दाबली की फुटून डोळ्यात उडते, बुबुळाच्या कडेला असलेल्या मूळ पेशी जळतात आणि बुबुळावर पांढरा पडदा चढतो. एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटमध्ये अशा पेशंटच्या चांगल्या डोळ्यातून इवलासा तुकडा घेऊन, लॅबमध्ये थर वाढवून तो जळलेल्या डोळ्यावर लावायचं काम २००१ पासून झालं, २०० डोळ्यांच्या त्यांच्या दहा वर्षांच्या हिशोबात ७१ टक्क्यांमध्ये यश मिळालं. आणि मग २०१२ मध्ये वीरेंदर सांगवान आणि सहकाऱ्यांनी सांगितलं की लॅबच नको. तोच तुकडा टेबलावरच बारीक बारीक कापा, नाळेच्या पातळ पडद्यावर डोळ्यातच मांडा, पेशी तिथेच वाढतात. खर्च एकदम खाली. मला तर या सगळ्या विषयातलं हे सगळ्यात हुशारीचं काम वाटतं, आणि त्यावर व्हायरल बातमी एकही नाही. (चुना डोळ्यात गेला तर ताबडतोब स्वच्छ पाण्याने भरपूर वेळ धुवा, पापणी उलटून अडकलेले कण काढा आणि धुतल्यावरच डॉक्टरकडे पळा. आधी पळू नका.)

मग हे घरोघरी का नाही आलं

कारण दुसऱ्यांनी करून बघितलं तेव्हा तसं जमलं नाही. याच तंत्रावर टेन्जिअन नावाची कंपनी निघाली आणि स्पायना बायफिडाच्या दहा मुलांवर रीतसर ट्रायल झाली, वेगवेगळ्या हॉस्पिटलांत. २०१४ मध्ये निकाल छापून आले: ब्लॅडरची जागा आणि लवचिकपणा यात म्हणावी अशी सुधारणा नाही, उलट गंभीर त्रास ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त. त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीचं दिवाळं वाजलं.

सेमिनार देणाऱ्यांनो, २००६ चा पेपर दाखवून २०१४ चा लपवू नका. सर परीक्षक असतील तर विचारतातच.

याच्यापेक्षा वाईट गोष्ट श्वासनलिकेची. २००८ मध्ये बार्सिलोनात पाओलो माकियारिनी यांनी दात्याच्या श्वासनलिकेवर पेशंटच्या पेशी लावून ती बसवली, जगभर टाळ्या. २०११ पासून स्टॉकहोममध्ये त्यांनी प्लास्टिकच्या नळ्यांवर पेशंटच्या अस्थिमज्जेतल्या पेशी टाकून त्या बसवायला सुरुवात केली. तिथले तिन्ही पेशंट गेले. पेपर मागे घेतले गेले, २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील कोर्टाने त्यांना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. प्लास्टिकच्या नळीत रक्तवाहिन्या शिरायला वावच नव्हता, वर ती सतत हवेच्या, म्हणजे जंतूंच्या संपर्कात. आपला प्रश्न कुणीतरी मोठ्याने विचारायला हवा होता.

आणि किडनी, हार्ट?

एका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन (रक्त गाळणारे बारीक घटक), वीसच्या वर प्रकारच्या पेशी, प्रत्येकाची जागा ठरलेली. हे छिद्रांच्या सांगाड्यावर पेरून होत नाही. त्यामुळे लोकांनी वेगळा रस्ता धरला, तयार अवयव घ्यायचा आणि त्यातल्या जुन्या पेशी धुऊन टाकायच्या. रक्तवाहिनीतून सोडियम डोडेसिल सल्फेट सोडतात, म्हणजे शाम्पूत असतं तसलं डिटर्जंट, हळूहळू लालसर अवयव पांढरा आणि अर्धपारदर्शक होत जातो, शेवटी नुसती जाळी उरते, पण रक्तवाहिन्यांच्या वाटा शाबूत. २००८ मध्ये मिनेसोटात डोरिस टेलर आणि हाराल्ड ऑट यांनी उंदराचं, म्हणजे रॅटचं हृदय असं धुऊन त्यात नव्या पेशी भरल्या, ते धडधडलं, पण ताकद पूर्ण वाढलेल्या हृदयाच्या साधारण दोन टक्के. २०१३ मध्ये ऑट यांच्याच टीमने रॅटची किडनी केली, तिने थोडी लघवी केली. वाटा उरतात हे खरं, पण त्या वाटांना आतून पूर्ण अस्तर बसलं नाही तर रक्त आत शिरताच गुठळ्या होतात. परत तेच.

पेशी आणायच्या कुठून यावर आता आयपीएस पेशींचा पर्याय आहे. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना मागे नेऊन परत गर्भातल्यासारखं करून दाखवलं, २०१२ चं नोबेल मिळालं. त्यापासून किडनीसारखे, लिव्हरसारखे इवले गोळे होतात, ऑर्गनॉइड म्हणतात त्यांना, काही मिलिमीटरचे. औषधं तपासायला झकास, बसवायला नाही. पण जिथे अख्खा अवयव लागतच नाही तिथे गंमत होतेय. चीनमध्ये तियानजिनला २०२३ मध्ये टाइप वन डायबिटीसच्या एका पंचवीस वर्षांच्या बाईला तिच्याच पेशींपासून केलेल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली टोचल्या, ७५ दिवसांत इन्सुलिनचं इंजेक्शन बंद झालं. मात्र तिचं आधी लिव्हर ट्रान्सप्लांट झालेलं होतं आणि इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या चालूच होत्या, त्यामुळे गोळ्यांशिवाय काय झालं असतं ते एवढ्यावरून ठरत नाही.

एक खुलासा, कारण हे दोन प्रकार लोक कायम मिसळतात. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लॅबमध्ये वाढवलेल्या रक्तवाहिनीला मान्यता मिळाली. ती पेशंटच्या पेशींची नाही. दात्याच्या स्नायूपेशी पीजीएच्या जाळीवर वाढवायच्या, भिंत तयार झाली की पेशी धुऊन टाकायच्या आणि नळी फ्रीजमध्ये तयार ठेवायची. अपघातात हातपाय चिरडलेल्या पेशंटला सात आठवडे थांबा म्हणता येत नाही ना.

घरात पेशंट असेल तर हे तपासा

पेशंटच्या पेशींपासून वाढवलेली अख्खी किडनी, लिव्हर किंवा हार्ट आजपर्यंत कुठल्याही माणसात बसवलेलं नाही. कुणी "करून देतो" म्हणालं तर उठून या. बहुतेक वेळा ते अवयव म्हणतच नाहीत म्हणा, "किडनीसाठी स्टेम सेल थेरपी" म्हणतात, कमरेतून मज्जा काढतात, फिरवतात आणि शिरेतून परत सोडतात, लाखात बिल. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सरळ आहेत: रक्ताच्या आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचे बाकी उपयोग हे संशोधन, ते मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच व्हायला हवेत आणि ट्रायलमधल्या पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात.

म्हणून समोरच्याला सीटीआरआय नंबर मागा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, वेबसाइट फुकट आहे, नंबर टाकला की कुठला आजार, कुठलं हॉस्पिटल, किती पेशंट, एथिक्स कमिटीची परवानगी, सगळं दिसतं. नंबर आहे पण आजार भलताच, असंही असतं, तेव्हा उघडून वाचा. मग विचारा: पेशी कुठून घेणार, कुठल्या लॅबमध्ये किती दिवस वाढवणार, मायकोप्लाझ्माचा रिपोर्ट मला मिळेल का, बसवल्यावर त्यांना रक्त कुठून येणार, आणि काही बिनसलं तर उपचाराचा खर्च कोणाचा. शेवटच्याचं उत्तर कायद्यातच आहे, २०१९ च्या नव्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे झालेल्या इजेचा उपचार आणि भरपाई ट्रायल करणाऱ्याकडे. डॉक्टर चिडले तर चिडू द्या, खरं काम करणारा माणूस या प्रश्नांना चिडत नाही, उलट खुर्ची पुढे ओढून तासभर बोलतो.

आणि किडनी-लिव्हरची यादी. लॅबच्या आशेवर नाव नोंदवायचं लांबवू नका. महाराष्ट्रात मृत दात्याच्या अवयवांचं वाटप झेडटीसीसी म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत होतं, मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार केंद्रं आहेत, आणि नोंदणी थेट तिथे जाऊन नाही, ट्रान्सप्लांटची मान्यता असलेल्या हॉस्पिटलमार्फत होते. डायलिसिस जिथे चालू आहे तिथल्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला गाठा, कागद काय काय लागतात ते लिहून घ्या आणि ब्लड ग्रुपचा ओरिजिनल रिपोर्ट आधी शोधून ठेवा, आयत्या वेळी तोच सापडत नाही.